विहिरीतला हिरवा दगड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. शाळा पेणला झाली, पुढे भूगर्भशास्त्र शिकलो आणि दूर मध्य भारतातल्या तांब्याच्या खाणीत नोकरीला लागलो. ताईची शाळा चौथीतच सुटली होती. मी शिकावं म्हणून घरचं शेत तिनं ओढलं. मग तिला रोह्याच्या पुढे, कोलाडजवळच्या एका गावात दिली.

एका गणपतीत मी तिच्या घरी खाणीतला दगड नेला. राखाडी, तांदळाएवढे पांढरे स्फटिक रुतलेले, वर हिरवा लेप. आरतीनंतर ओटीवर माणसं जमली आणि मी सुरूच झालो. जमिनीच्या पोटातला तापलेला रस वर यायला निघतो, वाटेतच अडकून थिजतो. त्यातून सुटलेलं कढत पाणी आजूबाजूच्या खडकात बारीक तडे पाडतं आणि सोबतचं तांबं त्या तड्यांत ठेवून जातं. "या खडकाला पॉर्फिरी म्हणतात. तांबं इतकं विरळ, की अख्खा डोंगर खणावा लागतो. पण उघड्यावर पाऊसपाणी लागलं की असा हिरवा रंग सुटतो. तीच खूण."

भावोजींनी दगड उलटापालटा करून पाहिला. इतकं मन लावून कोणी माझं ऐकतंय, याचंच मला अप्रूप. दगड मी त्यांच्या देवघराशेजारी ठेवून आलो.

शिमग्याला गेलो तर परसात नवी विहीर खणायला घेतलेली, ती अर्धवटच सोडलेली. ताई नदीवरून हंडे आणत होती. तुळशीपाशी टोपलीभर हिरवे दगड, वरच्याला हळदकुंकू.

"काम का थांबलं?" मी विचारलं.

"हिरवा लागला ना!" भावोजी म्हणाले. "सुरुंग लावून तांबं उधळू काय? म्हटलं, पाव्हणे येऊन बघू दे."

"आता ह्यो कंपनीवाला होनार," शेजारचे काका भावोजींकडे बघत म्हणाले. "आमाला शिफ्टला तरी लाव रं!"

मी बघताक्षणीच ओळखलं होतं. आपला काळा कातळ म्हणजे जमिनीवर थरांवर थर पसरलेला लाव्हा. त्याच्या छिद्रांत बसलेला हिरवा रंग लोखंडाचा, तांब्याचा नव्हे. पण तोंडावर नाही म्हणवेना. मी देवघराशेजारचा माझा आणि विहिरीतला एक, अशा दोन्ही दगडांची थोडी पूड केली, दोन वाट्यांत लिंबाचा रस पिळून भिजवली आणि दोन्हींत एकेक घासलेला लोखंडी खिळा सोडला. तांबं असलं तर ते खिळ्यावर चढतं, एवढंच सांगितलं.

जेवणं झाल्यावर माझ्या दगडाच्या वाटीतला खिळा आधी बाहेर काढला. तांबूस झाला होता. ओटीवर टाळ्या पडल्या. मग दुसरा काढला. होता तसाच होता.

"आमचा नाय रंगला," भावोजी म्हणाले. "शिमगा असून!" हसले ते एकटेच.

दुसऱ्या दिवशी खणती पुन्हा सुरू झाली. मीही खाली उतरलो. हिरवा थर भुसभुशीत, छिद्राछिद्रांचा. पहार घातली तशी भेग ओली दिसली, आणि दुपारपर्यंत पायाखाली गढूळ पाणी साचलं. दोन लाव्ह्यांच्या मधल्या अशाच थरात पाणी धरलेलं असतं, हे मी कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. भावोजी माझ्या सांगण्यावर विसंबून नेमके पाण्याच्या तोंडाशी थांबले होते.

वर आलो. ताई काठावर उभी होती, डोक्यावरची चुंबळ अजून तशीच. मी तिला सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"गणपतीत तुझ्या खाणीचं येवढं सांगितलंस," ती म्हणाली. "आमच्या दगडाचं पण सांगायचं व्हतंस रे."

मी तिच्या हातातला रिकामा हंडा घेतला. विहिरीचं पाणी निवळायला अजून वेळ होता. त्या संध्याकाळी नदीवर मी गेलो.