मुग्धाच्या घरी गेलेल्या सिस्टर

सिस्टर बेनिता गेल्या.

आज पहाटे, कॉन्व्हेंटमध्ये, झोपेतच. आमच्या शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिका सिस्टर ज्योती यांनी सकाळी फोनवर सांगितलं. आवाज स्थिर होता. मग म्हणाल्या, "तुमच्या बॅचला तुम्हीच कळवा. मला जमणार नाही."

कळवलं. आता इथे लिहितेय.

आम्ही सातवीत असतानाची गोष्ट. सिस्टर बेनिता तेव्हा आम्हाला शिकवायच्या. शाळेचा फीस्ट डे, म्हणजे शाळेच्या संताचा सण होता. कॅम्पातल्या त्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा, त्यांची सामूहिक प्रार्थना, चालू होती. कम्युनियनसाठी, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायला, कॅथलिक मुली उठल्या आणि त्यांच्यासोबत माझ्या शेजारची मुग्धाही उठली.

युनिफॉर्म सगळ्यांचा एकच. फादरना काय कळणार?

सिस्टर बेनितांना मात्र कळलं. बाकीच्या मुलींनी उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवला होता. मुग्धाने उजवा वर धरला होता, तीर्थ घेतात तसा.

तिने ती पातळ पांढरी चकती घेतली, रुमालात गुंडाळली आणि जागेवर येऊन कंपासपेटीत ठेवली.

पलीकडच्या शेरॉनचे डोळे विस्फारले. "अगं, हे काय केलंस? आता डायरेक्ट नरक!"

मिस्सा संपल्यावर सिस्टरनी मुग्धाला आणि मला मागे थांबवलं.

"मुग्धा, तू घेतलेलं खाल्लं नाहीस?"

"नाही सिस्टर. आईला नेतेय. आमच्याकडे प्रसाद एकट्याने खात नाहीत."

मुग्धाच्या आईला टीबी झाला होता. कित्येक महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. पुण्यातल्या यच्चयावत देवांचा अंगारा त्यांच्या उशाशी होता. हा एक देव राहिला होता, एवढंच.

सिस्टर तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "हा प्रसाद नाही गं. आम्ही ह्याला येशूचं शरीर मानतो. मिळालं की तिथेच घ्यायचं असतं. घरी नेत नाहीत."

मुग्धाने कंपासपेटी छातीशी धरली. "दिलेलं परत घेणार?"

"घ्यावं लागेल."

तिने पेटी उघडली. सिस्टरनी ती चकती घेतली, डोळे मिटले आणि स्वतः ग्रहण केली.

मुग्धाला रडू फुटलं. "मग आईला काय नेऊ?"

सिस्टरनी रिकामी पेटी बंद करून तिच्या हातात दिली.

"मला ने," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी बसने शनिवार पेठेत आलो. मी मुग्धाच्या मागच्याच गल्लीत राहायचे.

दार मुग्धाच्या बाबांनी उघडलं. सिस्टरना बघून ते घाबरलेच. "काय केलं हिने?"

"आईची आठवण ठेवली. आत येऊ?"

"अहो, टीबी आहे घरात. लोक दारातूनच चौकशी करतात."

"मी आतून करते."

आणि त्या थेट कॉटवर जाऊन बसल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. "लांब बसा हो सिस्टर."

"दिवसभर मुलींना पुढे बसा, पुढे बसा म्हणून ओरडते. आता मीच मागे बसू?"

काकू हसल्या. हसता हसता खोकला आला. सिस्टर हलल्या नाहीत. त्या घरचा चहा त्या घरच्या कपातून प्यायल्या. सख्खे नातेवाईक तेव्हा तिथे पाण्यालाही हात लावत नव्हते.

मग येतच राहिल्या. एकदा येताना अंडी आणली.

"आमच्याकडे चालत नाहीत," बाबा म्हणाले.

"डॉक्टरांकडे चालतात."

काकूंनीच तोडगा काढला. गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं.

पेठ गप्प बसणारी थोडीच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठलं. "काय हो सिस्टर, बाप्तिस्मा कधी उरकताय?"

"बाई आधी बऱ्या होऊ देत. रविवारी मला यायला जमत नाही. तुम्ही डबा द्याल का?"

त्या बाईंनी डबा दिला. पुढेही देत राहिल्या.

मी कधी मुग्धासोबत वर गेले तर बऱ्याचदा एकच दृश्य असे. काकू त्यांचा जप करतायत, सिस्टर त्यांची रोझरी. दोघींच्या हातात माळ. कोणी कोणाला काही समजावून सांगत नव्हतं.

श्रद्धा, मूल्यं यांवर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. पत्रकार म्हणून त्यांच्या बातम्याही केल्या. मला मात्र तो विषय त्या कॉटपाशीच कळला.

पुढच्या फीस्ट डेला सिस्टरनी मिस्सेआधी सांगितलं, "ज्या कॅथलिक नाहीत त्यांनाही रांगेत यायचं असेल तर या. हात छातीवर आडवे ठेवा. फादर आशीर्वाद देतील." कारण सांगितलं नाही. मुग्धाकडे बघितलंही नाही.

आज मुग्धाला फोन केला तेव्हा ती हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होती. बातमी ऐकली. मग म्हणाली, "ठेवते. आधी घरी सांगायला हवं."



उद्या चार वाजता शाळेच्या चॅपलमध्ये मिस्सा आहे, त्यानंतर दफन. ज्यांना शक्य आहे त्यांनी या.

दुपारी मुग्धाचा मेसेज आला, काकू येणार आहेत. आता गुडघे साथ देत नाहीत, बाकी ठणठणीत. त्यांची रिक्षा चॅपलच्या दारापर्यंत सोडायला सिस्टर ज्योतींनी गेटवर सांगून ठेवलंय.

येतो आम्ही, सिस्टर.