कवळीवाल्यांची बोट

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. पंखा होता, पण प्लास्टरची भुकटी उडते म्हणून तो बंदच असायचा. त्या खोलीत कवळीवाल्यांचं आयुष्य गेलं. पुढे डॉक्टर माप घ्यायचे आणि मागे हे मेण तापवत, घासत, पुन्हा पुन्हा उजेडात धरत कवळी तयार करायचे. पेशंटला ते कधी दिसायचे नाहीत. पण रस्त्यात कुणी खळखळून हसलं की ते चेहरा सोडून दातांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हा आपलाच. बोलणं मात्र अगदी बेताचं. प्रश्न विचारला तर उत्तर, तेही परवडलं तर.

बायको बरोबर उलटी. ती इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची आणि तिला सगळे फोनबाई म्हणायचे. हजरजबाबी, नकला करण्यात पटाईत, आणि नकलेसाठी घरातच हक्काचा माणूस. पाहुणे आले की चहाबरोबर नवऱ्याची नक्कल ठरलेली. हे मीठ कसं मागतात. हे भांडतात कसं, तर नुसता चष्मा पुसतात. लग्नानंतर पहिल्यांदा हे काय बोलले? पाहुण्यांनी "काय बोलले?" विचारायचं आणि तिने ओठ घट्ट मिटून, डोळे मिचकावत बसून राहायचं. लोक पोट धरून हसायचे. कवळीवालेही हसायचे. न हसते तर त्याचीही नक्कल झाली असती. तिच्या वरच्या जबड्याची अख्खी कवळी त्यांनीच केलेली होती, इतकी बेमालूम की तिच्या सख्ख्या भावालाही पत्ता नव्हता. तेवढी एक गोष्ट तिने कधी चेष्टेत आणली नाही.

दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर या माणसाने बोट घेतली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सपाट बुडाची, छोट्या इंजिनाची, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. तलावाच्या काठाला सिमेंटचा उतार थोडाच होता, पुढे सगळा चिखल. तिथे साधी गाडी रुतायची. म्हणून त्यांनी जाड टायरांची एक ठेंगणी, उघडी गाडी घेतली, चिखलातून आणि दगडधोंड्यांतून चालणारी. तिचा रंग हिरवा आणि डोळे बटबटीत. बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, टोळ.

उतारावर रविवारी बाकं भरलेली असायची. पंक्चरवाला, न्हावी, दोन निवृत्त मास्तर. बोट पाण्यात घालायला येणाऱ्यांची फजिती बघणं हा त्यांचा आठवड्याचा कार्यक्रम. मागे ट्रेलर जोडून गाडी उलटी नेणं दिसतं तितकं सोपं नसतं. चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि घाबरून जास्त फिरवलं की कोयत्यासारखा दुमडतो. कवळीवाल्यांचा पहिल्याच रविवारी तीन वेळा दुमडला. बायको उताराच्या कडेला उभी राहून हात नाचवत होती.

"अहो, डावीकडे! तुमचं डावं हो, जेवता त्याच्या उलटं! अहो, बोट घालायचीय पाण्यात, टोळाला आंघोळ नाही!"

बाकांवर हशा पिकला. तिचा भाऊही आला होता. तो टोळाच्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढत होता. तिला असे ऐकणारे हवेच होते. त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही. भाऊ घडीची खुर्ची घेऊन यायचा, पंक्चरवाला तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायचा, आणि कवळीवाले मान मागे वळवून, घामाघूम होऊन, पुन्हा पुन्हा चुकायचे.

एका रविवारी मात्र ट्रेलर सरळ गेला. बोट अलगद पाण्यावर तरंगली. कवळीवाल्यांनी दोरी खुंट्याला बांधली आणि मागे वळून पाहिलं, तर बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. त्यांना वाटलं, कौतुकाने असेल. मग बोटीत पाणी दिसलं. बुडाला साचलेलं पाणी काढायचं भोक होतं, त्याचं बूच जागेवर नव्हतं. त्यांनी धावत बोट ट्रेलरवर ओढायला घेतली, पण पाण्याने भरलेली बोट टोळाला झेपेना. चाकं जागच्या जागी चिखल उडवत राहिली. कवळीवाले कमरेएवढ्या पाण्यात बादलीने पाणी उपसत होते, त्यांची एक चप्पल तरंगत लांब चालली होती. बाकांवर लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग मेहुण्याने खिशातून बूच काढून वर धरलं.

"भाऊजी, हे शोधताय का?"

कवळीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते बायकोकडे बघत होते. पाणी दिसायच्या आधीपासून ती हसत होती.

घरी त्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही. पुढचे काही आठवडे टोळ बिघडलाय असं सांगितलं. बायको कामावर गेली की ते बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात टोळ घेऊन जायचे आणि रिकाम्या डब्यांमधून ट्रेलर मागेपुढे करत राहायचे. वेल्डरकडून त्यांनी टोळाच्या पुढच्या बाजूलाही एक जोड बसवून घेतला. आता ट्रेलर नाकासमोर ठेवून ढकलता येत होता, मान मोडून मागे बघायचं कारण उरलं नाही. दाताची कड जुळवावी तसं त्यांनी ते जुळवलं.

मग एका रविवारी ते म्हणाले, "चल, आज तुला फिरवून आणतो. भावालाही बोलव."

बायकोला पाण्याची भीती होती. पोहता येत नव्हतं, बोटीत ती कधी बसलीच नव्हती. पण उतारावर सगळ्यांसमोर कवळीवाल्यांनी शिडी लावून म्हटलं, "बोट ट्रेलरवर आहे तोवरच बसा दोघं, पाय ओले होणार नाहीत."

"नको बाई, मी इथूनच बघते."

"का हो फोनबाई," पंक्चरवाला ओरडला, "दर रविवारी आम्हाला हसवता, आज तोंडचं पाणी पळालं?"

तिला चढावंच लागलं, मागोमाग भाऊही चढला. टोळाने ट्रेलर पुढे ढकलत सरळ रेघेत पाण्यात नेला. बाकं गप्प झाली. कवळीवाल्यांनी पट्टा सोडला, ब्रेक दाबला, बोट तरंगली. दोरीची गुंडाळी त्यांनी बोटीत टाकली, टोळ मागे घेऊन कोरड्यावर उभा केला आणि जेवणाचा डबा उघडला. वल्ही टोळाच्या मागच्या खणात होती. इंजिनाची किल्ली त्यांच्या खिशात.

वाऱ्याने बोट आत नेली.

"अहो! अहो, दोरी! काय करताय?"

"डावीकडे घे," कवळीवाले म्हणाले. इतका मोठा आवाज त्यांनी जन्मात काढला नव्हता. "तुझं डावं गं! जेवतेस त्याच्या उलटं!"

मग न्हावी हसला आणि सगळी बाकं सुटली. ज्यांना तिने इतके रविवार हसवलं होतं, तेच आता तिला हसत होते. मेहुणा हातांनी पाणी मागे ढकलत होता, बोट जागच्या जागी फिरत होती. लाटा वाढल्या तशी बायकोला मळमळायला लागलं. तिने कठड्यावरून मान बाहेर काढली, उलटी केली, आणि कवळी पाण्यात गेली.

ती हात घालून शोधत राहिली. मग काठाकडे वळून ओरडली, पण शब्द फुटेनात, नुसती हवा येत होती. पंक्चरवाल्याने तिच्या त्या बोबड्या हाकेची नक्कल केली. तशीच हुबेहूब, जशी ती करायची. भाऊ बहिणीच्या तोंडाकडे बघतच राहिला आणि मग खो-खो हसत सुटला.

दुसऱ्या बोटीतल्या एकाने विचारलं, "आणू का ओढून?"

"माझं जेवण होऊ दे," कवळीवाले म्हणाले.

बोट पलीकडच्या चिखलात, गवताशी जाऊन लागली. डबा धुऊन झाल्यावर ते टोळ घेऊन काठाकाठाने गेले. जिथे कुठलीच गाडी गेली नसती तिथून ट्रेलर पाण्यात घातला, पट्टा अडकवला आणि सावकाश चरखी फिरवत दोघांसकट बोट वर घेतली. कोरड्यावर आल्यावर ट्रेलर टोळाच्या मागे जोडायला ते थांबले, तशी मेहुण्याने उडी मारली आणि बहिणीकडे न बघता चालता झाला. बायकोचे गुडघे दुखायचे. तिला उडी जमेना.

"हात द्या ना," ती तोंडावर तळवा धरून म्हणाली.

कवळीवाल्यांनी पट्टा आणखी आवळला आणि टोळ चालू केला. बाकांसमोरून, बाजारातून, इस्पितळाच्या फाटकावरून, बोटीत तशीच बसलेली तिला घरी नेलं. फाटकावरचा पहारेकरी सवयीने हात वर करून "नमस्कार, फोनबाई" म्हणाला. तिने मान खाली घातली.

भाऊ नंतर त्यांच्या घरी आला नाही. बायकोने रजा टाकली. कवळीवाल्यांकडे तिच्या जबड्याचा साचा होताच, तरी नव्या कवळीला त्यांनी पुष्कळ दिवस लावले. ती दिसायला पहिल्यापेक्षा सुंदर झाली. फक्त एका बाजूला त्यांनी ती किंचित उंच ठेवली, कागदाच्या जाडीएवढी. घास चावला की कळ डोक्यात जायची, थोडं बोललं की हिरडी सोलवटायची.

"टोचतेय हो इथे."

त्यांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, नीट पाहिलं. "बरोबर बसलीय."

दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असती, तर कवळीवाल्यांची बायको परक्याकडे का आली ते सांगावं लागलं असतं. ती गेली नाही. बोर्डावर बसून दिवसभर बोलणं होईना, म्हणून तिने नोकरी सोडली. पाहुणे आले की ती चहा ठेवून आत जायची. पाहुणेही मग कमी झाले. त्या घरात हसायला येण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सुरुवातीला कवळीवाल्यांना ती शांतता फार आवडली. रविवारी ते एकटे तलावावर जायचे, एका दमात बोट पाण्यात, एका दमात बाहेर. कुणी हसायचं नाही, कुणी बोलायचंही नाही. पण संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसली की ती एका बाजूने, डोळे मिटून, इवले इवले घास चावताना दिसायची. त्यांचा घास तोंडातच फिरत राहायचा. एकदा त्यांनी जुन्या पेटीतून बारीक कानस काढली, हात धुतले आणि तिच्यासमोर तळवा पसरला.

"काढ जरा. एक बाजू उंच राहिलीय. घासून देतो."

बायकोने त्या कानशीकडे पाहिलं.

"राहिलीय?" ती म्हणाली. "तुमच्या हातून राहिली?"

त्यांनी पसरलेला तळवा मागे घेतला नाही.

"असू दे. तुमच्या हातात तोंड द्यायची आता भीती वाटते."

ती उठून भांडी घेऊन आत गेली. कवळीवाले ती कानस घेऊन पानावर तसेच बसून राहिले. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.