चादरींच्या खोलीत

कानात मळ कधी साचतो ते कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. सत्तर-बाहत्तर सालच्या सुमाराला मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या कानाच्या दवाखान्यात तपासणीच्या मशीनवर होते. आता कुणी म्हटलं, तेव्हाचं एखादं सांग, तर एक काढायला जावं आणि अख्खा गोळा बाहेर यावा अशी गत!

*

आमचे कंपाउंडर युसुफभाई. नावं पुकारायचं काम त्यांचं, आणि बाकावर बसलेले सगळे बहिरे! संध्याकाळपर्यंत घसा बसायचा बिचाऱ्यांचा. शेवटी त्यांनी पुकारणंच सोडलं आणि पेशंटला दंडाला धरून आत आणायला लागले.

असंच एकदा बाकावर जरा टेकलेल्या पोस्टमनला उचललं. तो नको नको म्हणत होता, पण नको म्हणणारे आमच्याकडे रोजचेच. डॉक्टरांनी दोन्ही कान साफ करून दिले. उठताना तो म्हणाला, "मी रजिस्टर द्यायला आलतो. पर लई हलकं वाटलं की!"

*

कान तपासायला शांत खोली लागते. बाहेर टांगे, रिक्षा, यष्ट्यांचे हॉर्न. मुंबईसारखी आवाजबंद खोली आम्हाला कुठली परवडायला? डॉक्टरांनी चारी भिंतींना सोलापुरी चादरी ठोकल्या, दुहेरी. आवाज म्हणजे हवेतली लाट, ती जाड कापडात शिरली की दमते, असं ते सांगायचे. आणि खरंच, खोली गप्प झाली.

पण आमचे निम्मे पेशंट मागावरचे! अक्कलकोट रोडच्या शेडमधला मल्लप्पा पहिल्यांदा आला, त्याला मी हेडफोन लावला आणि सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. लगेच बोट वर. मी तर अजून बटणाला हात लावला नव्हता. म्हटलं, काय ऐकू आलं?

"ऐकू न्हाय आलं," तो वर बोट रोखून म्हणाला, "त्या तिसऱ्या चादरीत दोरा सुटलाय."

*

मल्लप्पाबरोबर त्याची बायको गंगव्वा होती, आणि तिच्या काखेत गाठोडं. तिचं म्हणणं एकच. हा माणूस मागाच्या खडखडाटात सगळ्यांचं ऐकतो, शेडमध्ये गप्पा हाणतो, आणि घरात बायको बोलली की ठार बहिरा! म्हणजे सोंगच की. डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हटलं, की ती तिथूनच अक्कलकोटला माहेरी जाणार होती. कायमची. मल्लप्पा मान खाली घालून बसला होता. मला दोघांचीही कीव आली.

डॉक्टर शब्दांची तपासणी घ्यायला बसले. ते माइकवर शब्द म्हणणार, मल्लप्पाने तोच परत म्हणायचा. आवाज मोठा करून ते म्हणाले, "पाणी." मल्लप्पा म्हणाला, "नीरु." डॉक्टरांनी फुली मारली. "घोडा." तर हा म्हणाला, "कुदुरे." दुसरी फुली. फुल्यांवर फुल्या पडत गेल्या आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, नस गेलेली दिसते, शब्द पोचतच नाहीत.

दारातून गंगव्वा कडाडली, "अवो, समदं बराबर सांगायलंय की ते! कानडीत!"

मल्लप्पाला विचारलं, तर म्हणाला, हितं गप्पगार हाय, मला घरातच बसल्यावानी वाटलं. घरात आमी कानडीच बोलतो.

डॉक्टर खो खो हसले. पण गंगव्वानं गाठोडं उचललं. "बगा, ऐकू येतंय. मी चालले."

*

डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि ट्यूनिंग फोर्क काढला. आमचे पेशंट त्याला चिमटा म्हणायचे. चिमटा वाजवून मल्लप्पाच्या कानापुढे धरला, काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला, तर गडी दचकलाच! नस शाबूत होती. कानातलं इवलंसं हाड अडकलं होतं, त्यामुळं बाहेरची लाट आत जात नव्हती. ऑपरेशननं सुटण्यासारखं होतं.

मग शेडमध्ये कसं ऐकू येतं? डॉक्टर म्हणाले, मागाचा खडखडाट याच्यापर्यंत निम्मासुद्धा पोचत नाही. पण बाकीच्यांना तो ऐकू येतो, म्हणून ते एकमेकांशी ओरडून बोलतात, आणि आपण ओरडतोय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ते ओरडणं याला पुरतं. घरात कोण ओरडतंय?

गंगव्वाला हे अजिबात पटलं नाही. ओरडून बोलतोय हे बोलणाऱ्याला कळत न्हाय व्हय, म्हणाली.

*

मग डॉक्टरांनी मला खूण केली. मी गंगव्वाला खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर चढवला. मल्लप्पाला समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. दार लावायचं मात्र माझ्या ध्यानातून गेलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता नवऱ्याशी बोला, घरात बोलता तसंच, हळू. मी मशीनचा सूंऽऽ आवाज तिच्या कानात पूर्ण सोडला.

गंगव्वानं पदर सावरला, खाली बघितलं, आणि तिच्या मते अगदी कुजबुजत म्हणाली,

"मला कुटं बी जायचं न्हाय वो! तुमी एकदा थांब म्हना की!"

त्या आवाजानं चादरींच्या वरच्या फटीतून धूळ पडली असेल. बाहेरचा अख्खा बाक, ज्यांना युसुफभाईंची हाक कधी ऐकू आली नव्हती, ते सगळेच्या सगळे वळून दाराकडे बघायला लागले. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही.

मल्लप्पा उठला. तिच्या काखेतलं गाठोडं काढून त्यानं आपल्या काखेत घेतलं.

"थांब की, गंगव्वा," तो म्हणाला.

गंगव्वानं त्याच्याकडे बघितलं, हेडफोन दोन्ही हातांनी दाबला आणि सात रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं,

"आँ? काय म्हनला? ऐकू येत न्हाय!"