भातातला पांढरा खडा

माझ्या सासऱ्यांनी मला शिकायला परवानगी दिली ती एका अटीवर. भातात खडा लागला, की पुस्तक बंद.

ते मोजणी खात्यात कारकून होते, आता पेन्शनीत. आयुष्यभर लोकांच्या बांधांची मापं लिहिलेली, त्यामुळे बोलणंही मोजून. मी तेव्हा वीस वर्षांची, बेळगुंदीहून टिळकवाडीत सून होऊन आलेली. पाचवीत शाळा सुटली होती. मराठी सातवीच्या परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत, आणि फायनल पास झालेल्या बायकांना मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून घेत. हे एकदा कानावर आलं आणि माझ्या डोक्यातून जाईना. मी मास्तरीण होणार होते. नवऱ्याची हरकत नव्हती. त्यांनी वडिलांपुढे विषय काढून एक वाक्य पुरं केलं, त्यांच्या मानानं ते पुष्कळच होतं.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ऐकून घेतलं आणि घरातलं कोण बघणार असं विचारलं. "मीच," असं मी दाराआडून सांगितलं. सुनेनं असं उत्तर द्यायची त्या घरात रीत नव्हती. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि ती खड्याची अट घातली.

अट साधी वाटते, पण ती नेमकी जागा बघून घातलेली होती. घरचा तांदूळ निवडायचं काम माझं. तांदूळ यायचा माझ्या माहेरचा, खळ्यावर मळलेला, घरी कांडलेला. त्यात माती आणि खडे असायचेच. काळे, तांबडे खडे पोरालाही दिसतात. पांढरा खडा मात्र तांदळाच्या आकाराचा, तांदळाच्या रंगाचा, अगदी दाण्याशेजारी दाणा होऊन पडलेला असतो. तो दाताखाली आला, तर माझी परीक्षा तर जाणारच, वर माहेरचंही नाव निघणार.

मी हुशारी केली. दुपारी सूप मांडीवर घ्यायचं, समोर धान्य मापायची पायली उपडी घालून तिला पुस्तक टेकवायचं. बोटं तांदळात, डोळे पानावर. निवडून झालं की सूप बाजूला सारायचं आणि पुस्तक मांडीवर घ्यायचं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, चुलीपाशी बसलेल्या असत, माझ्यापासून तीन हातांवर. माझ्या शिकण्याबद्दल त्या बरं म्हणाल्या नाहीत, की वाईट म्हणाल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "हात सुपात नि डोळे बुकात. मन कुठं ठिवलंस गं?"

मला राग आला. ज्यांनी कधी पाटी हातात धरली नाही, त्यांनी मला अभ्यास शिकवावा? मी पान उलटलं.

त्या दिवसांत दहाचं जेवण म्हणजे माझी रोजची शिक्षा होती. मामा आणि हे पाटांवर बसत, हे जेवून कचेरीत जात. मी वाढून झालं की दाराआड उभी राहायची, पळी हातात घट्ट धरून. मामा सावकाश चावत. प्रत्येक घासाला मी कान देऊन ऐकायची. वरणभात झाला की आमटीभात, मग ताकभात. ताकभाताचा शेवटचा घास गेला की माझी सुटका व्हायची. असे आठ महिने गेले. एकदाही खडा लागला नाही, आणि माझ्या मनानं घेतलं की दोन कामं एका वेळी करता येतात, निदान मला तरी येतात.

अभ्यासाचं मात्र काही खरं नव्हतं. इतिहासाचं एक पान तीनदा वाचायचं आणि खाली पोचेपर्यंत वरचं विसरायचं. मी डोळ्यांना पाणी लावून पाहिलं, स्वतःला चिमटे काढले, मोठ्यानं घोकलं. घोकताना तोंड चालू राहायचं आणि मन बेळगुंदीच्या ओढ्यावर जाऊन बसायचं. मग मी दोष द्यायची रेल्वेच्या शिट्टीला, शेजारच्या जात्याला, शेजाऱ्यांच्या रडक्या पोराला. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते.

तेवढ्यात आत्यांच्या भाचीचं निपाणीला लग्न निघालं. आत्या सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं गेल्या. जाताना दाराशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तांदूळ नीट बघ गं." मी मान हलवली. दुपारी सूप घेतलं, पायलीला पुस्तक टेकवलं, अपूर्णांकांचा धडा उघडला.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या घासाला, कट्ट असा आवाज झाला.

तो आवाज मी आठ महिने मनात ऐकत होते. मामांनी दोन बोटांनी खडा काढला आणि ताटाबाहेर, पाटाच्या कडेला ठेवला. पांढरा होता. मग त्यांनी राहिलेलं सगळं जेवण जेवलं, ताकभातासकट. हे ताटातून वर बघायला तयार नव्हते. हात धुऊन आल्यावर मामा म्हणाले, "पुस्तकं आन."

मी आणली. त्यांनी ती ओसरीवरच्या नकाशांच्या जुन्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

मी परसात जाऊन रडले. दुःख कमी आणि संताप जास्त. आठ महिने आणि एक खडा! हे कचेरीत गेले होते, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी पदर सावरला आणि सरळ ओसरीवर गेले. समोर उभं राहून मामांशी बोलायची ती माझी पहिली वेळ. आठ महिन्यांत एकच खडा लागला, त्याला एवढी शिक्षा का, असं मी विचारलं.

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "आठ म्हैने तांदूळ तू निवडलास, व्हय?"

मला कळेना.

"तू सूप बाजूला सारलंस की तुजी सासू त्येच सूप वडून घ्यायची नि पुन्यांदा निवडायची. रोज. मला हितनं दिसायचं. तुला म्होरं बसून दिसलं न्हाय?"

नव्हतं दिसलं. आत्यांच्या मांडीवर सूप असायचं एवढं मला आठवत होतं. मला वाटायचं, डाळ निवडतायत. तीन हातांवर बसून एक म्हातारी रोज माझे खडे वेचत होती, आणि मी तिकडे पाहिलंच नव्हतं. बरं, पुस्तकात पाहिलं होतं म्हणावं, तर तेही डोक्यात नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मामांची परवानगी न घेताच मी आत निघून आले.

पुढचे चार दिवस पुस्तक नव्हतं. मी नुसता तांदूळ निवडला. पहिल्या दिवशी सबंध सूप एकदम बघायला गेले आणि मन लगेच पेटीतल्या पुस्तकांकडे पळालं. मग मूठभर तांदूळ सुपाच्या कोपऱ्यात ओढला, तेवढाच पसरला, तेवढाच बघितला. तो पलीकडे सारून दुसरी मूठ घेतली. मन जायचं, पण मूठभर तांदळातून फार लांब जाता यायचं नाही, परत यायचं. त्या दिवशी मला अकरा पांढरे खडे सापडले.

रिकाम्या वेळी मी शिकलेलं मनातल्या मनात सांगून बघायला लागले. इतिहासाच्या धड्याची दोन वाक्यं आली आणि गाडी थांबली. भूगोलाची तीन. आठ महिन्यांची माझी कमाई एवढीच होती. पुस्तक मिळालंच तर तेही मुठीमुठीनं घ्यायचं, एक मूठ वाचून पान झाकायचं आणि स्वतःला सांगायचं, असं मी ठरवलं. पण मिळणार कुठून? त्या चार दिवसांत खडा लागला नव्हता, तरी पेटी बंदच होती.

पाचव्या दिवशी आत्या आल्या. लुगड्याची घडी करताना त्यांनी पायली जागच्या जागी ठेवलेली पाहिली, ओसरीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. दुपारी मी निवडून सूप बाजूला ठेवलं आणि त्यांचा हात सवयीनं पुढे आला.

मी सूप धरून ठेवलं. "नका निवडू, आत्या."

"आनि लागला तर?"

"लागू दे."

त्यांनी हात मागे घेतला. ओसरीवरून मामा बघत होते.

सकाळी त्यांनी तो तांदूळ तसाच धुऊन वैरला. दहा वाजता मामा आणि हे पाटांवर बसले. मी दाराआड, आणि या वेळी आत्याही माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मामा नेहमीपेक्षा सावकाश चावत होते असं मला वाटलं. वरणभात संपला. आमटीभात संपला. ताकभाताला त्यांनी आणखी एकदा भात मागितला. मी वाढला. शेवटचा घास गेला.

मामा लगेच उठले नाहीत.

"परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं. हे मी त्यांना आधी दोनदा सांगितलेलं होतं.

"चार आठवडे राहिले," मी म्हणाले.

"मंग हितं उभी ऱ्हाऊन काय करतीस? पेटी उघडी हाय."

आत्यांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि मला ओसरीकडे ढकललं.