अर्धं राहिलेलं गिराण

होळीच्या पौर्णिमेला ग्रहण आहे, हे आम्हाला पांढुर्ण्यातून निघतानाच माहीत होतं. तरी निघालो, कारण मुलीला पाचवा महिना लागला होता आणि बायकोला लेकीचं तोंड पाहायचं होतं. मुलगी अंदमानात असते. जावयाची शिडाची होडी आहे, पर्यटकांना बेटाबेटांतून फिरवतो. त्या दिवशीचे पर्यटक म्हणजे आम्ही म्हातारा-म्हातारी, तेही फुकटातले. मुलगीही सोबत आली होती.

बायकोनं घरून संत्र्यांची पिशवी आणली होती आणि रुमालात बांधून तुळशीची पानं. दोन बेटांच्या मधल्या शांत पाण्यात जावयानं नांगर टाकला, शीड उतरवलं. तोवर हिनं पाण्याच्या पिंपात, भाताच्या डब्यात, चहाच्या थर्मासात एकेक पान टाकून सगळ्या होडीचा बंदोबस्त केला होता. मी म्हटलं, "आता समुद्र तेवढा राहिला. टाक त्यातही एक." ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू थट्टेलाही ती हसते.

चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. सूर्य बुडायला आला तशी ती मुलीला म्हणाली, "तू खाली जाऊन बस बाई. गिराण सुटेपर्यंत वर येऊ नको."

"मी पाहालेच तर आली इथं," मुलगी म्हणाली. "काहून घाबरून राहिली तू, आई?"

हिनं मुलीच्या वरच्या ओठाकडे पाहिलं. तिथे टाक्यांची बारीक पांढरी रेघ आहे.

मुलगी जन्मली ती फाटलेल्या ओठाची. नागपूरला ऑपरेशनं झाली, ओठ जुळला. पण बारशाच्या आधीच माझ्या आईनं निकाल देऊन टाकला होता, "पोटुशी असून इनं गिराण पाहिलं." आम्ही तेव्हा राहायचो त्या सौंसरच्या गल्लीतून ते हिच्या माहेरी रामाकोन्यापर्यंत पोचलं. बायका बाळ पाहायला यायच्या आणि बाळापेक्षा हिलाच जास्त पाहायच्या.

खरी गोष्ट अशी की त्या रात्री हिला गच्चीवर मीच बोलावलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. लिंबू, चेंडू आणि बॅटरी घेऊन पोरांना ग्रहण समजावायचो, आणि माझ्याच घरची माणसं दार लावून बसलेली मला खपत नव्हती. ती नको नको म्हणत आली. चंद्र निम्मा झाकला होता, तेवढ्यात खालून आईची हाक आली आणि ही पळाली. पुढे आईनं हिला बोल लावला तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. ग्रहणानं काही होत नाही, हे वर्गात सांगून सांगून घसा बसला होता, घरात मात्र एकदाही तोंडातून निघालं नाही. आईला काय वाटेल, हे एक कारण होतं. दुसरं सांगायची लाज वाटते. आपल्यामुळंच झालं असेल तर, अशी मलाही भीती वाटली होती.

अठ्ठावीस वर्षं झाली. हिनं त्यानंतर एकही ग्रहण पाहिलं नाही. त्या संध्याकाळीही ती उगवतीकडे पाठ करून बसली होती, आणि मुलगी खाली जात नाही म्हणून तुळशीचा रिकामा रुमाल पिळत होती.

ते बघून मला राहवलं नाही. मी मुलीला म्हटलं, "तुह्या वेळेस तुह्या आईले गच्चीवर मी बोलावलं होतं. ती येत नव्हती, मीच हट्ट केला. अन् आजी तिले बोलली, तवा मी गप्प बसलो. गिराणानं काही होत नसते. हे मी तवा बोलाले पाहिजे होतं."

जावई दोर गुंडाळायच्या निमित्तानं होडीच्या पुढच्या टोकाला गेला. समजूतदार पोरगा आहे.

"हे तुमच्या मायसमोर म्हणाचं होतं," बायको म्हणाली. "आता कोन आयकते?"

आई जाऊन सहा वर्षं झाली. मला रडू आलं, आणि बायकोनंच मला पदर दिला.

"मी आयकून राहिली ना," मुलगी म्हणाली. तिनं आईचा हात ओढून आपल्या ओठावर ठेवला. "याच्यानं माह्यं काय अडलं वं आई? सांग."

ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

समोरच्या बेटावरच्या झाडांतून चंद्र वर आला होता. आधी नीट दिसेचना, मग मातीच्या दिव्यासारखा तांबूस झाला आणि बघता बघता त्याच्या एका कडेला उजेड फुटला.

"सरका तिकडं," बायको मला म्हणाली. मुलीला मधे घेऊन ती आमच्या रांगेत येऊन बसली, चंद्राकडे तोंड करून.

"तवा झाकतानाच पाह्यलं होतं मी," ती म्हणाली. "सुटतानाचं राहून गेलं होतं."