बादली मिस्त्री आणि पिवळा जाळ

बादली मिस्त्री घरात आले की गॅस गिझरकडे बघतही नसत. आधी बादली मागायचे, मग घड्याळ. अंगाला सोसेल इतकं गरम पाणी ठेवून पंधरा लिटरची बादली किती मिनिटांत भरते, हे कळल्याशिवाय त्यांचा पाना पिशवीबाहेर निघत नसे. राजापेठेत त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या बाथरूममधल्या जुन्या गिझरची बादली चार मिनिटांवरून सातवर गेली होती. बाहेर जाणारी ऊब वाचवावी, असा हिशोब करून मी बाथरूमची जाळी पुठ्ठ्यानं बंद केली. मिनिटं आणखी वाढली. आईला आंघोळ करताना दोनदा चक्कर आली. ती मी वयावर ढकलली. याबद्दल मला आजही स्वतःवर संताप येतो.

मिस्त्रींनी पुठ्ठा पाहिला आणि ते कडाडले, "हा कोनं लावला?"

"मीच. ऊब टिकावी म्हणून."

"भाऊ, घड्याळ पाहून राह्यले, जाळ काहून नाई पाह्यला? निळा पाह्यजे, पिवळा हाये! त्याले हवाच भेटून नाई राह्यली. गॅस अर्धवट जळते, काजळी धरते, आन त्याचं इख मायच्या छातीत जाते."

आतून आई म्हणाली, "मिस्त्री, गणितात पैकीच्या पैकी भेटत त्याले."

"मंग हवेचे मार्क कटले, माय!"

पुठ्ठा त्यांनी फाडून फेकला. गिझर उघड्या गॅलरीत नेला. काजळी झाडली, बोअरच्या पाण्यानं नळीत धरलेला पांढरा क्षार काढला. बादली साडेचार मिनिटांत भरली.

"चार होनार नाई. म्हातारा झाला तो. पन इतके दिवस सांगून राह्यला होता, तुमी आयकलं नाई."

पुढे मिस्त्री अकोल्याला लेकीकडे गेले, तिथेच वारले.

परवा गिझर पुन्हा मंदावला, म्हणून गिझरच्या दुकानातला माणूस बोलावला. बादली नाही, जाळ नाही. फक्त गिझरचं वय विचारलं. "बाद झाला. नवा घ्या. वरच्या मजल्यावर आत्ताच बसवला, बाथरूममध्येच."

वर नुकतंच लग्न झालेलं जोडपं राहतं. मी विचारलं, "आणि हवा?"

"खिडकी पॅक केली, साहेब. ऊब टिकते."

माझं डोकं फिरलं. त्याला तिथेच सोडून मी जिना चढलो. आधी खिडकी उघडली. मग बादली मागितली.