क्वार्टर सोडायच्या आधी

सरकारी क्वार्टरमध्ये गोष्टी साठवाव्या लागत नाहीत, आपोआप साठतात. भिंती पातळ, आणि पगाराची तारीख सगळ्यांची एकच. कुणाच्या हातात किती येतात, कुणाचं कर्ज किती कापलं जातं, कुणाच्या घरी वीस तारखेनंतर रोज पिठलं, सगळ्यांना पाठ. लपवायला काही शिल्लकच नसायचं. मग एखादा रिटायर व्हायचा, आयुष्यात पहिल्यांदा एकदम मोठी रक्कम यायची, आणि त्या घराची खिडकी पहिल्यांदा बंद व्हायची!

आमचे हे ठाण्याला एका सरकारी ऑफिसात शिपाई. पस्तीस वर्षं. आम्ही दुसऱ्या माळ्यावर राहायचो. मुलगी एकच, ती लग्न होऊन तिच्या घरी. मी शाळेत गेलेली नाही, पण एक हिशेब मला कुणी न शिकवता कळलेला. हे रिटायर झाले की क्वार्टर आपलं नाही. थोडे महिने देतात, मग चावी मागतात. गावच्या घराची दिरांमध्ये वाटणी झालेली, आमच्या वाट्याला पडवी आली. तीही अर्धी. म्हणजे जे पैसे येणार ते एकदाच येणार, आणि त्यातूनच डोक्यावर छप्पर यायला पाहिजे. आंबिवलीला एक खोली मी बघून ठेवलेली. ते पैसे गेले की आम्ही रस्त्यावर, एवढं सरळ होतं.

म्हणून आमच्या आधी जे जे रिटायर झाले त्यांच्याकडे मी डोळे लावून बसायची. तीच माझी शाळा. नापास दुसरे व्हायचे, शिकायची मी.

* * *

पहिले साळवी ड्रायव्हर. साहेबांची गाडी चालवायचे. तीस वर्षं एकच पाठ, "एकदा रिटायर झालो ना वहिनी, सरळ गाव! आंबा, फणस, खळ्यात खुर्ची टाकून बसायचं. ठाण्याचं तोंड बघणार नाही."

आले तेवढे सगळे पैसे त्यांनी गावच्या घरात घातले. दोन माळे, वर गच्ची, खाली लादी अशी की पाय घसरून माणूस परसात जाईल. टेम्पोत सामान भरलं, सगळ्यांना पेढे वाटले, गेले.

तेविसाव्या दिवशी गेटवर हजर!

मी विचारलं, "काय भावजी, काही विसरलात का?"

"वहिनी, तिथे सकाळी पाचला जाग येते."

"मग?"

"मग काय! खूप वेळाने सव्वापाच वाजतात."

आता ते ठाकुर्लीला एका खोलीत भाड्याने राहतात. गावचं एवढं घर मोकळं कसं ठेवायचं, म्हणून तिथलाच एक माणूस राखणीला ठेवलाय. ज्याला घर नव्हतं तो दोन माळ्यांवर राहतो, आणि ज्याने घर बांधलं तो एका खोलीत. राखणदाराचा पगार साळवी दर महिन्याला मोबाईलवरून पाठवतात.

मागे त्या राखणदाराचा फोन आलेला. म्हणाला, "साहेब, या की कधीतरी राहायला. चार दिवस वरची खोली मोकळी करून देतो."

* * *

मग पाटणकर हेडक्लार्क. सगळ्या ऑफिसच्या पेन्शनचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदात काही कमी निघालं नाही तर त्यांना जेवण जात नसे. "इथली शाई वेगळी आहे. उद्या या." "नाव आडनावाला चिकटलंय. उद्या या." माणसं त्यांच्याकडे जायची ती डबा घेऊनच.

त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी बसलेली. तिने कागद बघितले आणि म्हणाली, "सर, जोडफोटो चालणार नाही. मॅडमचा पदर भुवईपर्यंत आलाय."

पाटणकर तापले. "तीस वर्षं मी हे काम केलंय! असला नियम काढला कुणी?"

मुलीने शांतपणे एक जुनी फाईल काढली. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"तुम्हीच काढलाय, सर. खाली सही पण तुमचीच आहे."

पाटणकरांनी चष्मा लावून नीट वाचलं. अक्षर ओळखलं. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

"हो सर. उद्या या."

* * *

गायकवाडबाई तळमजल्यावर. आधी टायपिस्ट, मग कॉम्प्युटर आला तो शिकल्या. नवरा लवकर गेला, तीन पोरं एकटीने शिकवली, बुद्धजयंतीला अख्ख्या बिल्डिंगला खीर त्यांच्याकडची. रिटायर झाल्या आणि डोंबिवलीला छोटा फ्लॅट घेऊन राहायला गेल्या. उरलेले पैसे बँकेत ठेवले.

मी बघायला गेले तर थोरला मुलगा मासळी घेऊन आलेला. तो गेला तर धाकटी सून औषधं घेऊन आली. चहा होतोय तोवर जावई, पंखा पुसायला! तिघांची घरं तीन दिशांना, आणि कुणाचा वार चुकत नाही.

मी म्हटलं, "बाई, पोरं चांगली निघाली हो तुमची."

"चांगलीच आहेत. पण मी प्रत्येकाला एकेकटं बाजूला घेऊन सांगितलंय, नॉमिनी तूच आहेस."

"अगं बाई! मग खरं नाव कुणाचं?"

त्यांनी कपाटातून फॉर्म काढून दाखवला. मला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून रकान्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा. पेन्सिलीने लिहिलंय."

बाजूला खोडरबर होता. अर्धा झिजलेला.

* * *

आमच्या ह्यांचा महिना उरला तेव्हा ऑफिसात एक कार्यक्रम ठेवलेला. रिटायर होणाऱ्यांनी बायकोला घेऊन यायचं, पैसे कसे सांभाळायचे ते शिकवणार. समोसा आणि चहा होता, म्हणून हॉल भरला. गायकवाडबाईंनाही मुद्दाम बोलावलेलं, अनुभवी म्हणून.

एक तरणाबांड मुलगा लॅपटॉप घेऊन आलेला. टाय बिय लावून. भिंतीवर रंगीत चित्रं पाडली आणि म्हणाला, "सगळ्यात आधी एक ठरवा. तुम्ही किती वर्षं जगणार आहात?"

आमचे हे मागच्या रांगेतून उभे राहिले. "साहेब, त्याला मंजुरी कुणाची लागेल?"

मुलगा गडबडला. म्हणाला, "काका, अंदाजे. पंच्याऐंशी धरा."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला कोपर मारलं. "ऐकलंत? पंच्याऐंशीच्या वर एक दिवस खर्च करायचा नाही."

मुलगा तासभर बोलला. महागाई, आजारपण, हे इथे ठेवा, ते तिथे ठेवा. हुशार होता, खोटं नाही बोलणार. शेवटी म्हणाला, "काही प्रश्न?"

गायकवाडबाई उठल्या. "बाळा, तुला पेन्शन आहे का रे?"

"नाही मॅडम. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. अकरा महिन्यांच्या."

बाईंनी आपल्या प्लेटमधला समोसा कागदात बांधला आणि त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला.

* * *

एकतीस मेला ऑफिसात पाच जण एकदम रिटायर झाले, त्यात आमचे हे. नवल नाही. पाचही जणांना शाळेत मास्तरांनी घातलेलं, आणि मास्तरांनी सगळ्यांचा जन्म एक जूनला केलेला. पाच शाली, पाच नारळ, भाषण एकच. साहेबांनी फक्त नावं बदलली, तीही शेवटच्या दोघांची उलटसुलट झाली.

ह्यांचे मोठे भाऊ कल्याणला सरकारी गोदामात वॉचमन. ते निरोपाला आलेले. वयाने ह्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे, पण त्यांचे मास्तर वेगळे. कागदावर दोन वर्षांनी लहान.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही कधी रिटायर झालात, काका?"

दीर म्हणाले, "छे हो. मला अजून वेळ आहे. हा मोठा ना!"

आणि सगळ्यांसमोर धाकट्या भावाच्या पाया पडले.

* * *

आता आमचं.

पैसे आले. बातमी पैशाच्या आधी गावाला पोचलेली. ज्यांनी पस्तीस वर्षांत आमचा जिना बघितला नव्हता त्यांना माळा, दरवाजा सगळं बरोबर सापडलं.

आणि आमच्या ह्यांना नाही म्हणता येत नाही. बेल वाजली की "होय साहेब" म्हणत उठायचं, यातच जन्म गेला. घरात कुणी नुसतं "तात्या..." म्हटलं तरी हे खुर्चीवरून अर्धे उठलेले असत. पहिल्याच आठवड्यात पुतण्याच्या टेम्पोला ऐंशी हजार गेले. टेम्पो आला. पुतण्या परत आला नाही.

आंबिवलीवाल्याला बाकीचे पैसे द्यायला दोन महिने होते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी एक युक्ती काढली. पाहुणा आला, बसला, की त्याने तोंड उघडायच्या आत मीच मागायचं!

ह्यांचा मामेभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी म्हटलं, "बरं झालं आलात. पन्नास हजार होतील का हो? खोलीला कमी पडतायत."

"बघतो," म्हणाला. पत्रिका परत खिशात घालून गेला.

मावसबहिणीचा जावई दुकान टाकणार होता. "बघतो." गावच्या देवळाचं मंडळ आलं, जीर्णोद्धाराला. त्यांनाही मागितले, मी कशाला सोडते! अध्यक्ष चहा न घेता उठले. घाईत पावतीपुस्तक इथेच राहिलं, ते न्यायलासुद्धा कुणी आलं नाही.

हे सगळं चालू असताना हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि मला अडवायची टाप नाही. पण महिन्याभरात जिना मोकळा झाला. खोलीचे पैसे जागेवर राहिले. मी खूश.

मग एक दिवस शेवंतावन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. नवरा नाही, मूल नाही. कल्याणला मार्केटच्या बाहेर पालेभाजी घेऊन बसतात, पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतात. बसल्या, पिशवी मांडीवर धरली आणि म्हणाल्या, "वहिनी, जरा बोलायचं होतं..."

मला आता सवय लागलेली. "वन्सं, आधी माझं ऐका. पन्नास हजार होतील का? खोलीला कमी पडतायत. क्वार्टर खाली करायची नोटीस पण आलीय."

वन्संनी ऐकून घेतलं. चहा घेतला. पिशवी उघडलीच नाही. जाताना म्हणाल्या, "बघते हां."

मी मनात म्हटलं, चला, ह्याही गेल्या. "बघते" म्हणून गेलेलं माणूस तोवर एकही परत आलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. वन्सं. हातात रुमालाचं गाठोडं. गाठ सोडून माझ्यापुढे ठेवलं. नोटांना मेथीचा वास येत होता.

"बेचाळीस आहेत, वहिनी. आठ नाही जमले."

त्यांच्या कानात आईच्या कुड्या असायच्या. त्या जागी केरसुणीच्या दोन काड्या होत्या.

हे खुर्चीवरून उठले, मोरीत गेले आणि नळ सोडला. आमच्याकडे त्या वेळी नळाला पाणी नसतं.

मी पैसे मोजले. बेचाळीसच होते. मग विचारलं, "वन्सं, त्या दिवशी तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"काही नाही हो. आता आठवत पण नाही."

पुढच्या सोमवारी खोलीचे कागद व्हायचे होते. मी वन्संना सांगितलं, आधार कार्ड घेऊन या, साक्षीला माणूस लागतो. बिचाऱ्या, भाजीची टोपली शेजारणीला सांभाळायला देऊन आल्या. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात खूप गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा क्लार्कने कागदावरची तीन नावं बघितली आणि विचारलं, "खरेदी घेणार तिघं? ह्या बाई कोण तुमच्या?"

"बहीण," हे म्हणाले.

"सावकार," मी म्हणाले.

क्लार्कने मान वर केली. "एक काय ते सांगा."

"दोन्ही लिहा."

त्याने काय लिहिलं मला माहीत नाही, मला वाचता येत नाही. वन्संनाही येत नाही. त्याने आम्हाला एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसवलं. वन्संनी पदर सारखा केला, फोटो दिला, मशीनवर अंगठा ठेवला. मग मागे सरकल्या आणि हळूच माझ्या कानाशी लागल्या.

"वहिनी, ते आठ हजार माझ्याकडून यायचे राहिलेत हां. विसरले नाहीये मी."